बेटावर राहिलेलं उत्तर

न्हाव्याने कात्री उचलली, आरशात पाहिलं आणि विचारलं, “यांचे किती कमी करू?” हे त्याने विचारलं खुर्चीतल्या माणसाला नाही, मागच्या बाकावर बसलेल्या त्या माणसाच्या बायकोला. प्रश्न खुर्चीतल्याच्या डोक्यावरून गेला, जसा एखादा उंच माणूस बुटक्याच्या डोक्यावरून हात घालून फळीवरची बरणी काढतो तसा. इतकी वर्षं तो याच खुर्चीत बसत आला होता. हा न्हावी गाडी चालवायला शिकला तो त्याच्याच हाताखाली. पहिल्याच दिवशी पठ्ठ्याने गाडी उलटी घेताना कचऱ्याच्या पेटीवर घातली होती, आणि तो किस्सा दोघं दर खेपेला नव्याने उगाळत आले होते. आज न्हाव्याचा आवाज दवाखान्यातल्यासारखा दबका होता. बायकोने हातातल्या मासिकातून मान वर केली. कानावरचे जरा जास्त काढा, म्हणाली, आणि मानेवर मशीन लावू नका, त्यांना आवडत नाही. अगदी बरोबर होतं. तिच्याकडून त्याच्याबाबतीत चूक अशी कधी होतच नसे. गळ्यापर्यंत पांढरं कापड बांधून तो बसला होता, उजवा हात कापडाखाली मांडीवर ठेवून दिलेला, आणि आरशात नुसतं एक डोकं दिसत होतं, ज्याच्याबद्दल दोन शहाणी माणसं आपसांत ठरवत होती. अरे, मला विचार की, असं त्याला म्हणायचं होतं. वाक्य पुरतं तयार होतं, शब्द ओळीने उभे होते. त्याने तोंड उघडलं आणि बाहेर आलं, “चमचा.” न्हावी समजूतदारपणे हसला, हो हो म्हणाला, आणि कात्री चालू लागली.

हा चमचा बेटावरचा होता. तिथून आणलेली तेवढीच एक वस्तू, असं कधीकधी त्याच्या मनात येई, आणि या विनोदावर हसायला आत तो एकटाच असे. बेटावर त्यांना पाठवलं होतं लेकीने. आईबाबांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आणि दोघं कधी कुठे म्हणून गेली नाहीत, या गोष्टीचं तिला लांब राहून फार वाटे. तिने एका लहानशा बेटावरच्या रिसॉर्टमध्ये खोली ठरवली, बोटीची वेळ कळवली आणि फोनवर बजावलं की आता कारणं सांगायची नाहीत. कारणं दोघांकडेही होती. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, एक गाडी आणि नेहमी एक तरी परीक्षेला बसलेला शिकाऊ. ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. कापडाच्या थरांवर आखणी करून सुरी फिरवणारी बाई त्या कारखान्यात आधी कुणी झाली नव्हती. त्यालाही लोक मास्तरच म्हणत. एका घरात दोन मास्तर, विद्यार्थी कोण, असं शेजारी चेष्टेने विचारत, आणि ती हसून म्हणे, आळीपाळीने. खरं म्हणजे गेली काही वर्षं घरात कुणी कुणाला काही शिकवत नव्हतं, काही विचारतही नव्हतं. भांडण नव्हतं. तो घोरतो म्हणून ती लेकीच्या रिकाम्या खोलीत झोपायला लागली, आणि मग तिचे कपडे, तिचा चष्मा, तिचं दुखऱ्या मनगटाचं मलम, एकेक करून सगळंच तिकडे गेलं.

त्यामुळे बेटावरच्या खोलीत एकच पलंग पाहून दोघंही दारात जरा अडखळली होती. पलंगावर टॉवेलांचे दोन हंस करून ठेवले होते, चोचीला चोच लावून. मॅनेजरबाईंनी कौतुकाने दाखवले. त्या गेल्यावर बायकोने आधी एक हंस उलगडला, मग दुसरा, आणि टॉवेल कुठे दुमडून कुठे पीळ दिला की मान उभी राहते ते त्याला समजावून सांगितलं. मग त्याने एक करून बघितला. त्याची कोंबडी झाली. ती हसली, पलंगावर बसून, पोट धरून, आणि तिचं हे हसणं आपण किती दिवसांनी ऐकतो आहोत हे मोजायला गेल्यावर त्याला भीती वाटली. मोजणं त्याने सोडून दिलं. बेट एवढंसं होतं की ज्या वाटेने निघावं त्याच वाटेने पुढे जात जात माणूस निघाला तिथेच येऊन पोचे. पहिल्या संध्याकाळी दोघं अशी फिरून धक्क्याशी आली तेव्हा तो म्हणाला, झालं? संपलं? आणि ती म्हणाली, परत एकदा. दुसऱ्या फेरीत तिने चपला हातात घेतल्या. तिच्या टाचांना भेगा होत्या, दिवसभर कटिंगच्या टेबलाशी उभं राहून पडलेल्या, आणि ओल्या वाळूत टाचांचे ठसे खोल उमटत होते. तो मागून त्या ठशांवर पाय ठेवत चालला. तिला कळू न देता.

न्हाव्याने त्याचं डोकं दोन बोटांनी खाली वाकवलं. मानेवर केसांचे बारीक तुकडे पडले. तुकड्यांची खाज येत होती, आणि खाज येते आहे हे सांगता येत नव्हतं. डावा हात कापडाबाहेर काढून खाजवता आलं असतं, पण मग न्हाव्याला थांबावं लागलं असतं, बायको उठून आली असती, काय होतंय, काय हवंय, असे प्रश्न झाले असते. त्यापेक्षा खाज बरी. आजारपणात माणूस चिडका होतो असं लोक म्हणतात. तो उलट फार सोशीक झाला होता. बहीण परवा भेटायला आली तेव्हा हेच म्हणाली, दादा किती शांत झाला. आणि मग वहिनीचा हात हातात घेऊन म्हणाली, तू आहेस म्हणून गं. दुसरी कुणी असती तर कधीच हात टेकले असते. सगळे असंच म्हणत. जिन्यात भेटणारे शेजारी, औषधाच्या दुकानातला माणूस, लेक तर रोज फोनवर. बायको त्यावर समोरच्या कपबशा उचलून आत घेऊन जाई.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसलेली असताना तिने सांगितलं होतं. आधी ती बराच वेळ खाली पाण्याकडे बघत होती. लाकडाच्या खांबांवर शिंपले चिकटून वाढलेले होते, आणि पाणी वर आलं की ते झाकले जात, खाली गेलं की उघडे पडत. दुसऱ्या शहरात तिच्या मालकांचा नवा कारखाना उघडत होता. तिथला सगळा कटिंगचा विभाग तिने सांभाळावा, असं त्यांनी विचारलं होतं. माणसं तिने निवडायची, टेबलं कशी लावायची तेही तिने ठरवायचं. हे ती सहज, बाजारातून आल्यावर सांगावं तसं बोलली, आणि तो म्हणाला, अरे वा. तो पुढे म्हणणार होता की आपण बघू, मी तिकडे एखादी गाडी घेईन, शिकाऊ काय सगळीकडे मिळतात. ते त्याच्या ओठांवर होतं तेवढ्यात ती म्हणाली, “मला एकटीला जायचंय.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती पाण्याकडेच बघत होती.

“तुमच्यावर राग नाही माझा,” ती म्हणाली. “राग असता तर सोपं झालं असतं. मला फक्त एकदा एका घराचं दार उघडून आत जायचंय, जिथे मी आल्यावरच दिवा लागेल.” मग तिने विचारलं, “तुमचं काय म्हणणं आहे? तुम्ही नाही म्हणालात तर मी भांडणार नाही. पण विचारल्याशिवाय जायचं नाही, असं मी ठरवलंय.” तो नेहमीच्या, शिकाऊंशी बोलायच्या आवाजात म्हणाला, “उद्या सांगतो.” ती बरं म्हणाली. दोघं जेवायला गेली. जेवताना शेजारच्या टेबलावरचे एक वयस्कर गृहस्थ आपणहून ओळख करून घ्यायला आले. गुरांचे डॉक्टर होते, बायको गेल्यापासून दर वर्षी एकटेच इथे येत. गायीला पोटात दुखत असेल तर ती कशी उभी राहते ते त्यांनी उठून, स्वतः तसं उभं राहून दाखवलं, आणि बायको पुन्हा हसली, तेच ते पोट धरून. जिने तासाभरापूर्वी आपल्याला सोडून जायचं म्हटलं तिला असं मोकळं हसताना बघणं किती विचित्र असतं. आणि ते बघून आपल्याला बरं वाटावं हे तर त्याहून विचित्र.

पहाटे तो एकटा उठला आणि बेटाला फेरी मारून आला. वारा सुटला होता, लाटा आदल्या दिवसापेक्षा मोठ्या होत्या. त्याच्या मनात गाडी होती. शिकवायच्या गाडीत शिकाऊच्या शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकाऊला वाटतं गाडी आपण चालवतोय, पण शेजारच्याने पाय दाबला की ती थांबते. इतकी वर्षं तो ब्रेक वापरून त्याचा पाय असा झाला होता की दुसऱ्याच्या गाडीत मागे बसला तरी तो आपोआप दाबला जाई. घरातही असंच झालं असेल का, असं त्याला वाटलं. तिने काही म्हटलं की तो बघू म्हणे. नाही असं तो कधी म्हणाला नव्हता, कधीच नाही, याचा त्याला अभिमानही होता. वाळूत तो थांबला. तिच्या ठशांपैकी एकही आता तिथे नव्हता. आणि अगदी साधेपणाने, चालता चालता खिशात किल्ली हाताला लागावी तसं, त्याला कळलं की आपण तिला जा म्हणणार आहोत. त्याला वाईट वाटत होतं, पण त्याच्या खाली एक हलकेपणाही होता. तिला आपण काहीतरी देऊ शकतो, असं त्याला किती वर्षांत वाटलं नव्हतं. कसं म्हणायचं तेही त्याने ठरवलं. जा, आणि तिकडच्या दिव्याचं बटण दाराजवळच लावून घे, अंधारात धडपडतेस. असं म्हणायचं. म्हणजे ती हसेल, आणि हसता हसता रडली तरी चालेल.

व्हरांड्यात ती नाश्त्याच्या टेबलाशी बसली होती, पाठमोरी, केस नुकतेच धुतलेले. तो तिच्यासमोर बसला. ती त्याच्याकडे बघत होती, थेट, एखाद्या मुलीसारखी, निकालाच्या दिवशी बघतात तशी. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, “चमचा.” तिने बशीतला चमचा त्याच्यापुढे सरकवला. त्याने मान हलवली, पुन्हा नीट, सावकाश सुरुवात केली. “चमचा,” तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत होता. जा म्हणायला जीभ जिथे लावायची ती जागाच तोंडातून कुणी काढून नेली होती. मग उजव्या हातातला कप त्याच्या डोळ्यांदेखत तिरका झाला, चहा टेबलावरून तिच्या मांडीवर गेला, आणि कप धरणारी बोटं दुसऱ्या कुणाची असल्यासारखी तशीच राहिली. तिला लगेच कळलं. गरम चहाने भिजलेली साडी झटकायलाही ती थांबली नाही. टेबलाला वळसा घालून आली आणि खुर्चीतून कलंडणाऱ्या त्याला तिने अंगावर घेतलं.

पुढचं त्याने सगळं ऐकलं. लोक समजतात की तो तेव्हा शुद्धीवर नव्हता. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी त्याच्या पापण्या वर करून पाहिल्या, दोन्ही हात उचलायला सांगितले. मग ते तिला दारापर्यंत घेऊन गेले, पण हलक्या आवाजात बोलायची त्यांना सवय नसावी. मेंदूत रक्त अडलंय, ते म्हणाले, याला इस्पितळ लागतं आणि ते लवकर लागतं, मी इथे यांच्याजवळ बसण्यापलीकडे काही करू शकत नाही, आणि तसं सांगायला मला लाज वाटते. मॅनेजरबाई फोनवर ओरडत होत्या. पलीकडून कुणीतरी सांगत होतं की या वाऱ्यात बोट निघणार नाही, हेलिकॉप्टरही नाही, वारा पडू दे. तो पांढऱ्या चादरीवर पडून होता आणि छताचा पंखा फिरत होता. एका कुशीवर वळवून डॉक्टरांनी त्याच्या पाठीशी उशी लावली होती, आणि तिथून त्याला खिडकीतून धक्का दिसत होता. ती धक्क्यावर धावत गेली. तिने टॉवेल हलवला. लांबवर मासेमारीची एक होडी होती, होडीकडे तोंड करून बायको काहीतरी ओरडत होती. होडी तशीच गेली. लाट फळ्यांवरून आली की ती खांबाला धरून उभी राही, मग पुन्हा टॉवेल हलवी. किती वेळ, त्याला माहीत नाही. तिच्याकडे बघत राहणं एवढंच त्याच्या हातात होतं, आणि तेही उजव्या कडेने पुसट होत चाललं होतं.

मग ती आत आली. नखशिखांत भिजलेली, अंगाला खारट वास. पलंगाशी गुडघ्यांवर बसली, त्याचा डावा हात, चालणारा हात, दोन्ही हातांत धरला, आणि त्याच्या कानाशी तोंड आणून म्हणाली, “मी कुठे जात नाही. ऐकू येतंय ना? मी कुठेच जात नाही.” ते ऐकून तो ओरडला. पूर्ण ताकदीने, सगळा जीव एकवटून तो नको, जा, तू जा, असं ओरडला. खोलीत त्याचा आवाज झाला तो अस्पष्ट, लांबट, गायीच्या हंबरण्यासारखा. डॉक्टर म्हणाले, यांना कळतंय तुम्ही काय म्हणालात, बघा, धीर आला त्यांना. आणि ती त्याच्या हातावर कपाळ टेकून रडली. बोट दुपार कलल्यावर आली.

इस्पितळातून घरी आल्यानंतर एकदा ती लेकीच्या खोलीत दार लोटून फोनवर बोलताना त्याने ऐकलं. हो, मला कल्पना आहे, तुम्ही किती दिवस जागा धरून ठेवणार, असं ती म्हणत होती. नाही, आता तसा विचार नाही. तिचा आवाज नीट होता, कडेला दुमड घालून शिवल्यासारखा. तेव्हापासून त्याने प्रयत्न सोडला नव्हता. अक्षरं हाताबरोबरच गेली होती. डाव्या हाताने पाटीवर काढायला जावं तर नुसत्या रेघा येत. बोलायला जावं तर जा याच्या जागी चहा येई, आणि चहा म्हटलं की ती उठून चहा करून आणी. दिवसाकाठी त्याने इतका चहा प्यायला की इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, झोप का लागत नाही. एकदा त्याने एका हाताने काठी घालून माळ्यावरची बॅग ओढून पाडली आणि तिच्या पायाशी सरकवली. ती बराच वेळ बॅगेकडे बघत राहिली. मग म्हणाली, लेकीकडे जाऊ या, पण जरा बरे व्हा. आणि स्टूलवर चढून बॅग परत ठेवून आली. जुने शब्द मात्र कधीकधी न बोलावता येत. क्लच, हळू, आरसा बघ. कुणी काही विचारलं की स्वच्छ, खणखणीत, पूर्वीच्याच रुबाबात एक शब्द येई: बघू. तो आला की बायकोचा चेहरा क्षणभर मिटल्यासारखा होई.

न्हाव्याने कापड झटकलं, मागे आरसा धरून बायकोला दाखवलं, ती छान म्हणाली. घरी येताना रस्ता ओलांडण्यासाठी ती त्याचा दंड धरून थांबली. समोरून एक शिकाऊ गाडी धक्के खात गेली, आत दुसराच कुणी मास्तर बसला होता. घरी आल्यावर तिने त्याला गॅलरीतल्या खुर्चीत बसवलं, शर्ट काढला आणि ओल्या टॉवेलने त्याच्या मानेवरचे, पाठीवरचे केस पुसायला लागली. अजून उजेड होता. समोरच्या इमारतीत कुणी खिडकीची काच पुसत होतं. तिचा हात त्याच्या पाठीवर सवयीने फिरत होता, वर, खाली, काखेत, पुन्हा वर, कटिंगच्या टेबलावरून चिंध्या झाडाव्यात तसा, आणि तिच्या मनगटाचं हाड मधूनच कट्कन वाजत होतं. त्या आवाजाने त्याचं मन दुसरीकडे गेलं. मनगट दुखतंय का हिचं, मलम लावलं का, एवढंच त्याच्या मनात होतं. काही बोलायचा त्या घडीला त्याचा विचारही नव्हता.

“जा,” तो म्हणाला.

हात थांबला. त्याने स्वतःच ऐकलं, आणि तो शब्द आल्या वाटेने परत जायच्या आत पकडावा तसं घाईने पुन्हा म्हणाला, “जा. जा तू.” ती पुढे आली. चहा करायला ती वळली नाही. बॅगेकडे, दाराकडे, कुठेच तिने पाहिलं नाही. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते नाही हे बघून त्याच्या लक्षात आलं की तिला पहिल्यापासून कळत होतं. पंख्याखालच्या त्या हंबरण्यापासून. प्रत्येक चहा तिने समजून केला होता.

“कुठे?” तिने विचारलं. हा आवाज गोळ्या देतानाचा नव्हता, तो धक्क्यावर बसलेल्या बाईचा होता. “ती जागा भरली. आणि मी गेले तर तुमच्या मानेवर मशीन लावू नका म्हणून कोण सांगेल? सांगा ना. कुठे जाऊ?”

ती खरंच विचारत होती. त्याने एवढे महिने एकच शब्द ओढत, ढकलत दारापर्यंत आणला होता, त्याच्यामागे दुसरा लागेल याचा विचारच केला नव्हता. आत सगळं होतं: माहीत नाही, मला तेव्हा म्हणायला हवं होतं, कुठेही, दिव्याचं बटण, तुझे पाय. सगळं एकदम दाटीने उभं होतं आणि तोंडाशी काहीच येत नव्हतं. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं की त्यांना वेळ द्यायचा, त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. तिने टॉवेल कठड्यावर वाळत घातला, स्टूल ओढून त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी समोर बसली, हात मांडीवर ठेवले, आणि वाट बघू लागली.